लोकरीचा पट्टा

हॅलो?… हॅलो, समीक्षा? बोल बाळ, बोल. आबाच बोलतोय. सकाळपास्नं फोन हातात धरून बसलोय, मेंढरं अजून वाड्यातच हायत… व्हय, व्हय… आदी सांग, झाली का शर्यत?

…पडलीस?

कुठं पडलीस? फळीवरनं?… आगं मग लागलं किती? पाय? पाय हाय न्हवं धड?… न्हाई, तू खरं सांग. फळीखाली ते पातं असतंय, मी बगितलंय की व्हिडिओत. वर आभाळात पतंग वढतोय, खाली पात्यावर फळी पाण्याच्या वर उचलून पळती, अन् त्येच्यावर तू, अनवाणी! ते बगूनच तर मी पट्टा इनायला बसलो…

आगं ए हरणाबाई, काय न्हाई! समीचा फोन हाय. पोरगी बरी हाय, तू भाकरी बग.

हां, बोल… दोन्ही पाय धड?… निस्तं खरचटलंय? घोट्याला?… बरं. बरं… थांब, जरा खाली बसतो.

पर पाय फळीला धरून ठिवायला पट्टा व्हता की! मी इनून दिल्याला… लावला व्हतास न्हवं? बिनपट्ट्याची फळीवर चढायची न्हाईस, अशी शपथ घातली व्हती तुला… व्हय… मग?

ढिला पडला?

असा कसा ढिला पडंल? चांगली काळी लोकर, दुपदरी, वरनं चिंचोक्याची खळ देऊन कडक केल्याला. घोंगड्याला देतो तशीच… आं? बुळबुळीत झाला? पाण्यात?…

आरं देवा. खळ सुटली.

आगं घोंगडं भिजलं की खळ सुटती, हे काय मला ठावं न्हाई? जल्म गेला मागावर. पर तुजा पट्टा इनताना समुद्राचं ध्यानातच आलं न्हाई… समुद्र बगितलाय कुठं मी!… हसतीस काय? माज्यामुळं पडलीस तू! तुजं सर म्हनत व्हतं, बिनपट्ट्याची बी चालवत्यात, अन् मीच आडमुठा…

काय?… पट्ट्यामुळं न्हाई पडलीस? मग?… सावकाश सांग गं.

लाट आली… फळी कलांडली… व्हय… पाय सटाकदिशी निसटला, तू हिकडं पडलीस, फळी तिकडं… अन् पट्टा घट्ट बसला असता तर?…

गुडगा पिरगाळला असता. सर म्हनलं असं?… अन् पातं पायावर… नगं, नगं, म्होरलं सांगू नगंस. समजलं.

बिरोबाच्या नावानं चांगभलं!… व्हय, रडतोय. रडू दे की वाईच. सकाळपास्नं जीव टांगणीला लागलाय.

ऐक… आगं ऐक ना. आता दुसरा पट्टा इनत न्हाई मी. दुकानातला बी माज्या सांगण्यावरनं लावू नगंस… शपथ? सुटली म्हून समज, त्या खळीसंगं. सर अन् तू मिळून ठरवा. पायात पायजे तर लाव, न्हाई तर मोकळी चालव. मला काय तुला बांधून ठिवायचं न्हवतं गं… पडशील म्हून लय भ्या वाटत व्हतं.

उद्या परत हाय? मग… बिनपट्ट्याची?… जा. खुशाल जा.

अन् तो पट्टा कुठं हाय? टाकलास का काय?… न्हाई न्हवं? गोड्या पाण्यानं धू अन् सावलीत वाळव… आं? पतंगाच्या पिशवीला बांधतीस?… बांध की. तिथं शोभंल… हॅलो? समे?… हॅलो?

रेंज गेली वाटतं.

आगं ए, ये हिकडं… व्हय, बोलली… लय बोलली… शर्यतीत कितवी आली?… आयला, ते इचारायचंच ऱ्हायलं बग.

पोरीचं पाय धड हायत, मोकळं हायत… बास. मेंढरं सोडतो मी.