ठोकळ्यातला अंगठा

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या पुढच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई नंबरची वाट बघत होत्या. शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ येऊन बसले.

“काकू, ओळखलंत का? मी सरांचा विद्यार्थी.”

“म्हणजे त्या टाकीवाल्या टोळक्यातला. केस कुठे गेले रे?”

“सरांच्या खुर्चीत बसलो आणि गेले.”

“तुमची ती प्लास्टरची खोटी जमीन आहे का अजून? टाकीतल्या पाण्यात बुडवून वरून आवाज सोडायचात, आणि आतल्या थरांवरून काय परत येतं ते ऐकत बसायचात. इकडे जेवण गार.”

“तो ठोकळा फुटला, काकू. प्रयोगशाळा हलवली तेव्हा.”

“फुटला? त्यात ह्यांचा अंगठा होता.”

“हो ना. खालचा थर सुकला का बघायला सरांनी दाबला, आणि तसाच वरचा थर ओतला. तेवढ्या जागेवरून कायम वेगळाच प्रतिध्वनी यायचा. कॉम्प्युटरवरचं गणित काही जुळेना. शेवटी कॉम्प्युटरमधल्या ठोकळ्यातही तेवढाच खड्डा पाडला, तेव्हा जुळलं.”

“मग?”

“तो कॉम्प्युटरमधला आहे ना अजून. नवी मुलं त्याच्यावरच शिकतात. हे बघा, मोबाइलवर आहे. थरांच्या सगळ्या रेघा सरळ, इथे तेवढी वाकडी.”

“एका बाजूला कललीय.”

“हो. ती तशी का, ते आम्हाला कधी कळलं नाही.”

“डावा अंगठा तो. उजव्या हातात चहाचा कप असायचा.”

“काकू, तुमचा नंबर पुकारतायत.”

“पुकारू दे. जरा मोठं करून दाखव.”