ओढ्यातला मासा

ओढ्यातला मासा मागू नका सायेब, आता न्हाई मिळत. हा पानशेतच्या धरणातला हाय, ताजा. — का म्हंजे? वर त्यो पत्र्याच्या शेडातला कारखाना दिसतोय न्हवं? औषधाची पिपं धुत्यात तिथं, समदं पाणी ओढ्यात. पर शिव्या तरी कुणाला द्यायच्या? माजी खानावळ त्याच्यावरच चालती, मार्गासनीपातुर पोरं कामाला लागली, दारोदार मोटरसायकल आली. माजा ल्योक कुमार बी तिथंच. मग पाण्यावर फेस आला तर नाक दाबायचं — आमी दाबलं. कोंडिबा भावजींनी न्हाई दाबलं. माजं धाकलं दीर. त्यांच्या दोन म्हशी त्ये पाणी पिऊन तडफडून मेल्या, तोंडातनं रगत, एक तर गाभण. भावजी पहार घेऊन थेट गेले आन् कारखान्याचा पाइपच फोडाय लागले. मालक पोरांस्नी म्हनला, पाइप फुटला की कारखाना बंद, बसा घरी. झालं! परक्यांनी न्हाई मारलं वो, गावच्याच पोरांनी. काठ्या, दगुड, लाथा. म्या जेवणाचं डबं घेऊन तिथंच हुबी. भावजी वरडत व्हते, "आरं, तुमच्याच आयांचं पाणी हाय ह्ये!" तेवढ्यात मागनं डोस्क्यात फावडं बसलं. तोंडावर पडले — त्याच पाण्यात. केस धरून दाबलं त्यांना, "पी, तुजंच पाणी ना? पी!" दोन्ही डोळं जळाले.

जित्ते हायत की. आत निजल्यात, म्हणून हळू बोलतीया. मारणारा मागं व्हता, त्यांना काय दिसणार? आता कुमारच घास भरवतो. भावजी म्हनत्यात, "वैनी, पोटचं पोर बी एवढं करत न्हाई." त्ये ऐकलं की कुमार भायेर जाऊन वकतो. फौजदारानं इचारलं, फावडं कुणी घातलं? म्या म्हनलं, गर्दीत दिसलं न्हाई. आईला दिसत न्हाई व्हय? कुमारनंच घातलं! केस बी त्यानंच धरले! मग काय, पोटच्या गोळ्याला बेड्या घालू? असं बघू नका माज्याकडं — तुमी काय केलं असतं, सांगा की — सांगा —

भावजी? — कवापास्नं हुबं हायसा दारात? — काय न्हाई, गिऱ्हाईक हाय, उगंच बोलत व्हतो आमी. — विळी कशाला उचलली? द्या हिकडं. भावजी, द्या म्हन्ते ना. — ह्यो कुमारच्याच गाडीचा आवाज... सायेब, ताट ऱ्हाऊ द्या तसंच. निगा तुमी. निगा!