मार्थाची ऐंशी एकर

लिहून घेता तं घ्या, मी मूळची यवतमाळकडची, दारव्ह्याजवळ आमचं गाव. नाव विमल इंगळे, पण इथं अमेरिकेत सारे मले विम म्हणतात, विमल म्हणता म्हणता त्यायची जीभ अडखळते, मंग मीच सोडून दिलं, म्हटलं म्हणा विम, काम तं मी तेच करणार आहे. बाबा मोजणी खात्यात साखळी ओढायचे. साहेब निंबाखाली टेबल टाकून बसायचा आणि बाबा उन्हात साखळीचं टोक धरून पळायचे, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, बांधापासून बांधापर्यंत. आई दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची. घरची जमीन एक गुंठा नाही, पण कोणत्या वावरात किती खाली मुरूम लागतो हे बाबाले तोंडपाठ होतं, साऱ्या शिवाराचं.

मले कृषी कॉलेजात घातलं तेव्हा भावकीतले म्हणाले, पोरीले काहून शिकवून रायले, ती का नांगर धरणार आहे? बाबा म्हणाले, धरला तं धरला. एवढंच. वर्गात आम्ही दोघीच पोरी, सर म्हणायचे मुलींनी मागं बसावं, मी पुढं बसायची. रोज उठवायचे, रोज बसायची, शेवटी तेच थकले. पुढं स्कॉलरशिप मिळाली, अमेरिकेत आली, मातीचाच अभ्यास केला. लग्नही इथंच झालं. श्रीधर नागपूरचे, गणित शिकवतात, त्यायले इथल्या लहानशा कॉलेजात नोकरी लागली म्हणून आम्ही या काउंटीत आलो. जिकडं पाहा तिकडं मका आणि सोयाबीन, मधात कोर्टहाउसचं गाव, आपल्याकडं तालुक्याचं असते तसं, आणि मराठी घर म्हणाल तं आमचं एकच. दिवाळीले चार तास ड्राइव्ह करून शहरात जायचं, तिथल्या काकू विचारायच्या, तू नेमकं करते काय गं? मी म्हणायची, लोकायच्या वावरात खड्डे करते. त्या हसायच्या. पण खरंच तेच करत होती मी.

काउंटीनं मले कॉन्ट्रॅक्टवर घेतलं होतं, मातीचा नवा नकाशा करायले. खांद्यावर माती काढायचं लांब गिरमिट, पायात गमबूट. वावरात पन्नास-साठ पावलं चालायचं, गिरमिट फिरवून खाली घालायचं, माती काढायची, बोटात चोळून पाहायची, रंग लिहायचा, पुढं जायचं. मंग प्रत्येक मातीले शंभरपैकी गुण. या गुणावर जमिनीचा टॅक्स, आणि विकायची म्हटली तं भावही याच गुणावर. म्हणजे माझ्या बोटाले काय लागलं त्याच्यावर एखाद्याच्या आयुष्यभराच्या जमिनीची किंमत. मी तं एक वावर शंका आली की दोनदा चालायची.

आणि तो काळ काय सांगू तुम्हाले. आधी म्हणे जमिनीचे भाव असे चढले होते की लोक कॉफी पिता पिता सौदे करायचे. मी काम सुरू केलं तेव्हा ते उतरायले लागले, दर वर्षी खाली, दर वर्षी खाली. कॅफेत म्हातारे बसलेले असायचे, आधी पावसाचं बोलायचे, आता बोलतच नव्हते.

तं अशाच एका वर्षी मी मार्थाच्या वावरात पोचली. मार्था म्हणजे सत्तरी उलटलेली बाई, नवरा वारलेला, ऐंशी एकर जमीन, गुडघे गेलेले. मी खड्डे करायची आणि ती ट्रकची काच खाली करून मले विचारायची, काय निघालं विम? पहिल्याच खड्ड्यात मी चकित झाली. काळी माती, खाली खाली जातच होती, हातभर गेली तरी काळी. आणि जुन्या नकाशात त्या वावरावर लिहिलेलं, ओली, हलकी, निकृष्ट. मी मार्थाले विचारलं हे कसं? ती म्हणाली, अगं माझ्या लग्नाच्या वेळी इथं बदकं पोहायची, मंग माझ्या सासऱ्यानं आणि नवऱ्यानं हातानं चर खोदून खाली भाजक्या मातीचे पाइप टाकले, पाणी ओढ्यात काढलं. नकाशा त्याच्याही आधीचा.

शेजारची जमीन हॅरोल्डची. आणि हा हॅरोल्ड कोण, तं काउंटीत जमिनीचे गुण मंजूर करणाऱ्या समितीचा चेअरमन. त्यानं मार्थाले आधीच सांगून ठेवलं होतं, तुझी जमीन हलकी, हलक्या जमिनीचा भाव देतो, आताच्या काळात दुसरं कोणी घेणार नाही. तिची सही तेवढी बाकी होती.

त्याले कळलं मी काय लिहून रायली, तं एक दिवस आला माझ्या टेबलाजवळ. गोड माणूस हो, आवाज कधी चढवणार नाही. म्हणे विम, तेवढा तुकडा जुन्यासारखाच ठेव, साऱ्या काउंटीचं काम किती छान केलंस, पुढच्या वर्षी कॉन्ट्रॅक्ट पुन्हा करायचंच आहे. मी म्हटलं, माती बदललेली दिसली तं मी बदललेली लिहीन. तो म्हणे, मंग मीटिंगमध्ये पाहू.

घरी श्रीधर म्हणाले, विमल, आपण इथं परके, कशाला अंगावर घेते? मी तं भडकली. म्हटलं सात हिवाळे काढले इथं, त्यायच्या नाल्यात पडून पाय मोडून घेतला, अजून किती वर्षं परकी? सकाळी पाहते तं माझे गमबूट धुऊन, चिखल खरडून, दाराशी ठेवलेले.

समितीच्या मीटिंगले कोर्टहाउसची खोली भरलेली होती. हॅरोल्ड उठला आणि म्हणाला, विमबद्दल मले आदरच आहे, पण ती ज्या देशातून आली तिथं शेती वेगळी, आपली माती तिले किती कळणार? काही लोक हसले. मार्था पहिल्या रांगेत होती, तिची मान खाली गेली, आणि ते पाहून माझ्या अंगात जे आलं ना बाप्पा! मी उभी राहिली. म्हटलं, मले नका विचारू, मातीले विचारा, वावर इथून तीन मैल आहे, गिरमिट माझ्या गाडीत आहे, चला. कोणी हलेना. मंग मागून एक म्हातारा शेतकरी उठला, टोपी घातली, म्हणे मी तं चाललो. झालं, त्याच्या मागं सारे. कोर्टहाउसपासून पिकअपची रांग लागली.

बर्फ नुकतंच वितळलं होतं, चिखल घोट्यापर्यंत. मी पहिला खड्डा केला, काळी माती काढून त्यायच्या हातावर ठेवली. हॅरोल्ड म्हणे, चांगली जागा निवडली असशील तू. मी गिरमिट त्याच्या हातात दिलं. म्हटलं, मंग तुम्ही निवडा.

त्यानं निवडली. एक जागा, दुसरी जागा, दोन्हीकडं काळी. मंग तो थेट उत्तरेच्या कोपऱ्यात गेला, तिथं जमीन बशीसारखी खोल आहे, तिथं गिरमिट घातलं तं निघाली राखाडी, चिकट, वास मारणारी. त्यानं सगळ्यायले दाखवली, म्हणे पाहा. सारे माझ्याकडं पाहायले लागले. मी म्हटलं, बरोबर आहे, ही माती निकृष्टच आहे, नकाशा उघडून पाहा. त्या म्हाताऱ्यानं माझा नकाशा पिकअपच्या बॉनेटवर पसरला, बोट फिरवत फिरवत कोपऱ्यावर आणलं. तिथं मी आधीच रेघ मारून लिहिलेलं होतं, अडीच एकर, पाणी धरते, सगळ्यात कमी गुण. म्हाताऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं. मंग म्हणाला, हॅरोल्ड, पोरीनं तुझ्याही बाजूचं लिहून ठेवलंय रे. हॅरोल्डनं गिरमिट चिखलात उभं ठेवलं आणि गाडीकडं निघून गेला. मार्था ट्रकमध्ये बसून होती, तिनं हॉर्न दाबला, एकदा नाही, दाबूनच धरला.

नकाशा मंजूर झाला. माझ्या नकाशानं भाव काही वर गेले नाहीत हो, खोटं काहून सांगू, साऱ्यायचेच पडत गेले. टॅक्सही वाढला मार्थाचा, तिनं तो कुरकुरत भरला, पण जमीन तिनं विकलीच नाही. एका तरण्या जोडप्याले पेरायले दिली, आणि पेरणीच्या दिवशी धुऱ्यावर ट्रक लावून त्यायच्या चुका काढत बसते.

माझं कॉन्ट्रॅक्ट काही पुढं झालं नाही. बजेट नाही म्हणे. नसेल. मी गॅरेजात माती तपासायचं काम सुरू केलं. लोक ब्रेडच्या पिशव्यांत, आइस्क्रीमच्या डब्यांत माती घेऊन येतात, पहिल्या वर्षी चार जण आले, आता बर्फ वितळलं की दाराशी डब्यांची रांग असते. आमची मुलगी म्हणते मॉम, लेट्स मूव्ह, दिवाळीतल्या साऱ्या मैत्रिणी टेक्सासले गेल्या. श्रीधरले तिकडच्या कॉलेजातून बोलावणंही आलं होतं. मी म्हटलं, तुम्हाले जायचं तं जा, मी भेटायले येईन. अजून तं कोणी गेलं नाही.

गेल्या वर्षी मी दहा एकर घेतली इथं. सारे म्हणाले वेडी आहे, भाव अजून पडतील. पडलेच. पडू दे ना, मले कुठं विकायची आहे? यंदा अर्ध्यात मका आहे आणि अर्ध्यात तूर लावून पाहिली, थंडीनं गेली सारी. पुढच्या वर्षी दुसरं बियाणं आणते. तुम्ही लिहून घेतलं, चांगलं झालं, सुखी राहा. फक्त तूर गेली हे लिहिलं ना, तं मी पुन्हा लावणार आहे हेही लिहा.