पुलावर घसरलेले एक गृहस्थ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आमच्या चालक प्रशिक्षण केंद्राच्या संचालिका, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, माझे सहकारी, कार्यशाळेतली मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या रांगेत बसून ‘आटोपतं घ्या’ अशा नजरेनं माझ्याकडे पाहणारी माझी पत्नी, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी माझं इतकं कौतुक केलं की मी मधेच मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी निवृत्त होतंय का म्हणून. एक वक्ते म्हणाले, ‘अठ्ठावीस वर्षांत सरांच्या हातून गाडीला साधा ओरखडा उठला नाही.’ टाळ्या झाल्या. माझ्या बायकोनं तेवढ्या वाजवल्या नाहीत. का, ते आता सांगतो.

तुम्ही पोरं मला पाठीमागे ‘सावकाश सर’ म्हणता, हे मला ठाऊक आहे. दर हिवाळ्याच्या तोंडावर माझं ते ठरलेलं व्याख्यान असायचं, हिवाळ्यातले अपघात का होतात यावर. त्यात एका गृहस्थांची गोष्ट यायची. आठवतात ना? काचेवरचं दव न पुसणारे, गुळगुळीत टायरवर मिरवणारे, पुलावर गरगर फिरलेले? दरवर्षी वर्ग पोट धरून हसायचा. एकदा एका मुलानं विचारलं होतं, ‘सर, त्या माणसाला लायसन्स दिलं कोणी?’ मीही हसलो होतो. जरा जास्तच.

मंडळी, ते गृहस्थ मीच.

हसा, हसा. अकरा वर्षं उशीर झालाय, पण हसा.

त्या दिवशी सकाळी आठ वाजता एका कारखान्यात माझं व्याख्यान होतं. विषय कोणता असेल? हाच! गजर वाजला, पण थंडी अशी की पांघरुणातून पाय बाहेर निघेना. पाच मिनिटं म्हणत अर्धा तास गेला. बाहेर आलो तर गाडीची काच पांढरीफटक, त्यावर बर्फाचा पापुद्रा धरलेला. मी प्लास्टिकच्या पट्टीनं माझ्यापुरता खरवडला, बशीएवढा. ही म्हणाली, ‘अहो, सगळी काच साफ करा ना.’ हिला वाटेत बहिणीकडे उतरायचं होतं. मी म्हणालो, ‘हीटरनं वितळेल गं. मी लोकांना शिकवतो हे.’

टायरांचं काय सांगू? खाचा इतक्या झिजल्या होत्या की बोट फिरवलं तर घसरावं. येत्या रविवारी बदलू, असे मी तीन महिन्यांतले सगळे रविवार म्हणत होतो. पुढे धुकं लागलं. धुक्यात दिव्यांचा अप्पर लावू नका, उजेड उलटून डोळ्यांवर येतो, हे मी किती वेळा सांगितलंय! मी अप्पर लावला. समोर दुधाची भिंत उभी राहिली, आणि उशीर झाला होता म्हणून त्या भिंतीत मी वेगानं घुसलो. ‘हळू घ्या ना,’ ही म्हणाली. ‘तू गप्प बस जरा,’ मी म्हणालो.

पुलावर रस्त्याच्या आधी बर्फ धरतो, कारण गार वारा त्याच्या खालूनही वाहतो. हे वाक्य माझ्या व्याख्यानाच्या तक्त्यावर लाल शाईत होतं. तक्ता मागच्या सीटवर होता.

पुलावर अचानक समोर केशरी जाकीट दिसलं. रस्ता विभागातल्या एक ताई बादलीतून वाळू पसरत होत्या, आमच्यासारख्यांनी घसरू नये म्हणून. मी कचकन ब्रेक दाबला. निसरड्यावर काय करू नये? बरोबर, तेच. गाडी दोनदा गरकन फिरली आणि कठड्यावर आदळली. त्या ताई बाजूला उडी मारून वाचल्या, पण मनगटावर पडल्या. मोडलेला हात पोटाशी धरून त्या उठल्या आणि आधी हिच्या खिडकीशी आल्या. ‘बाई, लागलं का कुठं?’

हिला काही झालं नव्हतं. मलाही नाही. तक्ता तेवढा रस्त्यावर पडला होता, तोंड वर करून.

पोलीस आले. ‘पुलाआधीची धोक्याची पाटी दिसली नाही का?’ त्यांनी विचारलं. ‘नाही दिसली,’ मी म्हणालो. ‘कारण?’ ‘दाट धुकं.’ त्यांनी लिहिलं, मी न वाचता सही केली. परतताना पुलाच्या अलीकडे ती पाटी दिसली. कंबरेइतकी उंच, वर केशरी झेंडी. माझ्या बशीच्या बाहेर राहिली होती, इतकंच. ही पाटीकडे बघत म्हणाली, ‘धुकं गाडी चालवत नव्हतं.’

तीन दिवसांनी मी इस्पितळात त्या ताईंची माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, ‘चूक कोणाची ते मला माहीतच आहे साहेब. मला सांगून काय उपयोग? शिकायला येतात त्यांना सांगा.’ मी सांगितलं की! फक्त स्वतःच्या जागी एक गृहस्थ उभे केले.

गेल्या महिन्यात ही म्हणाली, ‘निवृत्त होताय, आता तरी त्यांना भेटून या.’ गेलो. ताई आता त्यांच्या गोदामात फावडी-घमेली मोजून देतात, कारण त्या हातानं भरलेली बादली उचलत नाही. त्यांनी एक कागद पुढे केला. माझा त्या दिवशीचा जबाब. त्यात होतं, ‘धोक्याची पाटी लावलेली नव्हती.’ त्यावरून ताईंच्या नोकरीच्या नोंदीत निष्काळजीपणाचा शेरा बसला, आणि त्यापायी दोनदा त्यांचं मुकादमपद हुकलं होतं.

मी म्हणालो, ‘ताई, मी असं बोललोच नव्हतो.’

‘सही तुमचीच ना?’



सोमवारी मी त्यांच्या कार्यालयात लेखी जबाब देऊन आलो. पाटी होती, मी काच पुसली नव्हती, टायर खराब होते, वेग जास्त होता, सगळं. शेरा निघेल का, ते अजून कळलेलं नाही. मी खेपा घालणार आहे. आता वेळच वेळ आहे. कागदाची प्रत घेऊन ताईंकडे गेलो, जरा शाबासकीच्या आशेनं. त्या म्हणाल्या, ‘बरं केलंत. पण माझी लेक तुमच्याकडेच शिकली, साहेब. आज बस चालवते. त्या गृहस्थाची गोष्ट घरी येऊन सांगितली आणि खूप हसली. मला नाही हसू आलं. तो गृहस्थ कोण, हे तिला अजून माहीत नाही.’

त्या मायलेकी आज आल्या आहेत. चौथ्या रांगेत, खांबापाशी. बाळ, ते गृहस्थ मी होतो. पाटी तुझ्या आईनं लावली होती. मी ती पाहिली नाही, आणि नंतर पाहूनही अकरा वर्षं बोललो नाही. ताई, मला माफ करा असं मी आज म्हणत नाही. तुम्ही होता म्हणून त्या सकाळी माझ्यामागून पूल ओलांडणारे सुखरूप घरी गेले, एवढंच सर्वांसमोर सांगतो.

संचालिका बाईंनी ही संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. गाडी चालवण्यात झालं ते मात्र पोटात घालू नका, पोरांनो. येत्या हिवाळ्यात वर्गात ते सांगा, माझ्या नावानिशी.