मनीमाजऱ्यातलं हळदीकुंकू

चंदीगडच्या मनीमाजऱ्यातल्या माझ्या हळदीकुंकवाचं तुम्हाला सांगितलंच नाही ना? शेजारची सुनीता इंडस्ट्रियल एरियातल्या गोदामात पॅकिंगला होती. तिथल्या बायकांना युनियन करायची होती, पण मॅनेजरला कळलं असतं तर नोकऱ्याच गेल्या असत्या. म्हणून आम्ही बैठक माझ्या घरी, हळदीकुंकवाच्या नावाखाली बोलावली.

ऐन बोलण्यात बेल वाजली. दारात गोदामाची लेडी गार्ड उभी होती, रोज गेटवर ह्याच बायकांची झडती घेणारी.

"मॅनेजरसाहब ने भेजा है," ती म्हणाली.

मी तिला आत घेतलं आणि कुंकू लावलं. तिनं एकेकीचा चेहरा पाहिला आणि फोन लावला.

"सरजी, यहाँ तो पूजा चल रही है."

फोन ठेवून ती सुनीताशेजारी बसली.

"अब बताओ, गार्ड को मेंबर बनाते हो?"