कडबाकुट्टीची थरथर

गारखेड्याच्या गणपती मंदिरात चतुर्थीची रांग होती. माझ्या पुढं मायलेकी उभ्या होत्या. ओठांवर जप होता, कान मात्र तिकडंच गेले.

"आई, आज कॉलेजला कळवायचंय. मेकॅनिकलचं एम.एस. मी प्रबंधाशिवायच घेते. नुसते विषय अन् परीक्षा."

"प्रबंध नाय? मग परदेशात जाऊन शोधणार काय?"

"नोकरी."

"दात काढू नको, प्रांजली. आमच्या टायमाला प्रबंधाशिवाय एम.ई. होतच नव्हतं. मी तुझ्या मामाची कडबाकुट्टी टेम्पोत घालून प्रयोगशाळेत नेली होती, तिची थरथर मोजून कमी करायला."

"सर ओरडले नाहीत?"

"लई ओरडले! जिकडं तिकडं कडब्याचा भुसा. मग स्वतःच बाह्या वर करून मशीन चालवत बसले. थरथर कमी झाली तसे लहान पोरागत हसले. काय दिवस होते गं ते!"

"मग प्रबंध का नाही लिहिलास?"

"लग्न झालं, मग तू झालीस. मोजमापं सगळी झाली होती, लिहायचंच राहिलं."

"म्हणून मी लिहू?"

"दोघींत एकीचा तरी व्हावा, असं वाटतं."

"आई, मला कारखान्यात मशिनं बनवायचीत. प्रबंध तुला लिहायचाय."

रांग सरकली. आई जागेवरच उभी राहिली.

"कळवून टाक मग. प्रबंधाशिवायच घे."

"रागावलीस?"

"नाय गं. इतकी वर्षं इथं येते, तुझंच मागते. आज माझ्यासाठी मागणार आहे."

"काय?"

"लिहायला बसायची हिंमत."