मालक उठल्याशिवाय

सांगलीत डोळ्यांच्या दवाखान्यात जरिना आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. पुढच्या बाकावर हळदीची गिरणी चालवणारे नाथाजी आणि त्यांचा वर्कशॉपवाला दोस्त फारूक यांचं बोलणं रंगात आलं होतं.

“फारूक, माझी माणसं म्हंत्यात, ठरल्या वेळेच्या वर थांबतो, दुप्पट पगार द्या.”

“द्यायलाच लागतो, अण्णा. कायदाच हाय तसा.”

“आरं, पण सहाला गिरणी बंद हुती! मागनं नुसती बसून ऱ्हात्यात.”

“कशापायी?”

“मालक बसलाय, त्याच्याआधी कसं उठायचं, म्हंत्यात.”

“आन् तुमी का बसता?”

“माणसं बसल्याली असताना मी कसा उठू? बरं दिसतं व्हय?”

“आवं अण्णा, म्हंजे तुमच्या भिडेचा ओव्हरटाइम झाला की ह्यो!”

“हसू नगंस गड्या, उपाय सांग.”

“सोपा हाय. सहा वाजलं की पयलं तुमी उठायचं.”

“ठरलं. आजपासनं पयला मीच उठणार!”

एवढ्यात दारातनं नर्सनं हाक मारली, “चला, पुढचं कोण?”

“जावा अण्णा, तुमी आधी.”

“न्हाई रं, तू जा.”

“तुमी वडीलधारं, तुमी.”

“तुला वर्कशॉप उघडायचंय. तू.”

जरिना उठली आणि आत गेली.